आमदार सत्तेत नसला तर काय बिघडतं?

‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ हे दोन शब्द आता महाराष्ट्रात कुठल्याही राजकीय कोलांटउडीला पुरतात. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ते ऐकू आले, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हाही ऐकू आले, आणि एकेकट्याने पक्ष बदलणारे तर वर्षानुवर्षं तेच सांगत आले आहेत. विरोधात बसलं की निधी मिळत नाही, निधी नसला की कामं होत नाहीत, कामं झाली नाहीत की लोक जाब विचारतात, म्हणून सत्तेसोबत जावं लागलं. या बोलण्याचा आपल्याला फारसा राग येत नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. पारावर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या कट्ट्यावर आपणही तेच बोलतो: आपला माणूस सत्तेत पाहिजे. एकदा हे मान्य केलं की पक्षांतर हा विश्वासघात उरत नाही, तो व्यवहार होतो. मग निवडणुकीत आपण कोणत्या बाजूला कौल दिला, यालाही अर्थ राहत नाही.

हे गृहीतच चुकीचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि ते चुकीचं असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्राच्या विधानसभेत पन्नासहून अधिक वर्षं बसलेला होता. गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. त्यातला सत्तेतला काळ सगळा मिळून पाच वर्षंही भरत नाही. म्हणजे आयुष्याची जवळजवळ पंचेचाळीस वर्षं त्यांनी आमदार म्हणून विरोधी बाकांवर काढली आणि तरीही तालुक्याने त्यांना पुन्हा पुन्हा पाठवलं. सत्तेशिवाय आमदार निरुपयोगी असतो हे खरं असेल, तर सांगोल्याचे लोक अर्धं शतक वेडे होते असं म्हणावं लागेल. ते वेडे नव्हते.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. पुण्यात कायद्याचं शिक्षण घेताना ते शेतकरी कामगार पक्षाकडे (शेकाप) ओढले गेले, पुढे सांगोल्यात वकिली करू लागले आणि १९६२ साली, पस्तिशीत, पहिल्यांदा विधानसभेवर गेले. त्या निवडणुकीचे आकडे पाहण्यासारखे आहेत. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे, शेकापकडे अवघ्या पंधरा. संयुक्त महाराष्ट्राचं यश पदरात पडलेलं, यशवंतराव चव्हाण लोकप्रियतेच्या शिखरावर आणि त्यांचं बेरजेचं राजकारण भरात. शेकापची स्थापना करणाऱ्यांपैकी केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखी मोठी माणसं तर त्याच्या आधीच काँग्रेसमध्ये परत गेली होती. सत्तेबरोबर गेल्याशिवाय बहुजन समाजाचं भलं होणार नाही, हा युक्तिवाद तेव्हाही होता आणि तो आजच्यापेक्षा पुष्कळ गंभीरपणे मांडला जात होता. सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्याच्या नव्या आमदाराला तो पटला असता, तर कुणी नावं ठेवली नसती.

गणपतराव शेकापच्या लाल बावट्याखालीच राहिले. १९६७ साली पुन्हा आले, १९७२ साली पडले, विद्यमान आमदारांच्या निधनानंतर १९७४ साली झालेल्या पोटनिवडणुकीत परत आले. त्यानंतर १९९० पर्यंतची प्रत्येक निवडणूक जिंकली. १९९५ साली शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी हरवलं. १९९९ पासून २०१४ पर्यंत पुन्हा सलग चार विजय. शेवटच्या वेळी ते अठ्ठ्याऐंशीच्या घरात होते. मधल्या काळात १९७८ चं पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं तेव्हा आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. दुसरं मंत्रिपद २००२ साली गेलं, कारण शेकापने आघाडीतून बाहेर पडायचं ठरवलं. पक्षाने सांगितलं, त्यांनी राजीनामा दिला. मंत्रिपद वाचवण्यासाठी पक्षाचे तुकडे करावेत असं त्यांच्या मनातही आलं नाही. आज एवढी साधी गोष्टही सांगण्यासारखी वाटते, यावरून आपण कुठे पोचलो आहोत ते कळतं.

आता पाण्याकडे येतो, कारण ‘विकास’ या शब्दाचा माणदेशातला अर्थ पाणी हाच आहे. सांगोला, आटपाडी, माण, जत हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. माण नदी बहुतेक वर्षभर वाळूची. बाजरी, ज्वारी, खिल्लार जनावरं, शेळ्यामेंढ्या आणि ऊसतोडीला किंवा मुंबईला निघालेली माणसं, अशी या भागाची ओळख. आणि जवळच, कराडपासून सांगलीपर्यंत, दुथडी भरून वाहणारी कृष्णा.

कृष्णेच्या पाण्याचा राज्याराज्यांतला वाद बच्छावत लवादाने १९७६ साली मिटवला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असं ठरलं. म्हणजे तोवर जे पाणी अडवून वापरात आणलं नाही, त्यावरचा आपला दावा दुबळा पडण्याची भीती होती. या तारखेचं गांभीर्य सरकारपेक्षा आधी दुष्काळी तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी ओळखलं. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांच्या पुढाकाराने १९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली. तेरा दुष्काळी तालुक्यांतले लोक तिथे जमले. भाषणं करून ते पांगले नाहीत. परिषद पुढे वर्षानुवर्षं भरत राहिली, ठराव होत राहिले आणि तेच ठराव विधानसभेत प्रश्न म्हणून, लक्षवेधी म्हणून, कपात सूचना म्हणून येत राहिले. मागणी फक्त पाणी द्या एवढीच नव्हती. पाण्याचं समन्यायी वाटप करा, ज्याच्याकडे जमीन जास्त त्यालाच पाणी जास्त असं नको, असं परिषद सांगत होती. कालव्याच्या शेपटाकडच्या गावापर्यंत पाणी पोचायचं असेल तर ही अट लागतेच, हे तिथल्या शेतकऱ्याला कुठल्या तज्ज्ञाने शिकवावं लागलं नाही.

१९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, रोखे काढून पैसा उभा राहू लागला आणि टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांची कामं वेगाने हलू लागली. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. १९९६ साली गणपतराव आमदारही नव्हते. १९२ मतांनी पडून ते घरी बसायला हवे होते. पण परिषद चालूच होती, दबाव चालूच होता आणि सरकार होतं युतीचं, म्हणजे लाल बावट्याशी कसलंही नातं नसलेलं. १९९९ नंतर सभागृहात परतल्यावर त्यांनी दर अर्थसंकल्पात याच योजनांच्या तरतुदीवर बोट ठेवलं. सरकारं बदलत गेली, मागणी बदलली नाही. टेंभूचं, म्हैसाळचं पाणी, नीरा उजव्या कालव्याचं पाणी सांगोल्याच्या शिवारात ज्या प्रमाणात आलं, ते या चिवटपणामुळे आलं. त्या श्रेयात पुष्कळांचा वाटा आहे, सत्तेतल्या आमदारांचाही आहे. पण ते आणायला आधी सत्तेत जावं लागतं, हा सिद्धांत मात्र तिथे टिकत नाही.

कुणी म्हणेल, पन्नास वर्षं एकच माणूस आमदार आणि तरी उन्हाळ्यात टँकर, हे कसलं यश? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. सांगोल्याला पाण्यासाठी फार वाट पाहावी लागली. त्या वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, माणसं गाव सोडून गेली. सत्तेतल्या नेत्यांच्या तालुक्यांत कालवे आधी पोचले, कारखाने आधी उभे राहिले, हेही खरं. पण या सत्यातून निष्कर्ष काय काढायचा? नदीचं पाणी कुणाचा आमदार कुठल्या बाकावर बसतो ते पाहून वाटलं गेलं असेल, तर दोष वाटणाऱ्याचा आहे. त्या अन्यायावर ‘तुम्हीही त्या बाकावर जाऊन बसा’ हा उपाय सांगणं म्हणजे अन्याय कायम ठेवून फक्त लाभार्थी बदलणं. सांगोला तिकडे गेला, तर त्याच्या जागी दुसरा कुठला तरी तालुका कोरडा राहील.

आमदाराचं काम नेमकं काय, याविषयी आपल्या मनात झालेला घोटाळा या सगळ्याच्या मुळाशी आहे. आमदाराच्या घरासमोर सकाळी सातला जी गर्दी असते तिच्यात कुणाला बदली हवी असते, कुणाला दवाखान्याच्या बिलात सवलत, कुणाला पोरासाठी शिफारसपत्र, कुणाच्या रोहित्राचं काम अडलेलं, कुणी नुसतं लग्नाचं निमंत्रण घेऊन आलेलं. मग दिवसभर लग्नं, वास्तुशांती, दहावे. एखाद्या घरी दहाव्याला आमदार आला नाही तर ते घर पाच वर्षं लक्षात ठेवतं. ही सगळी गरज खोटी नाही. तलाठी, तहसील, वीज कंपनी, सरकारी दवाखाना यांनी आपापलं काम सरळ केलं असतं तर यातली अर्धी गर्दी आलीच नसती. पण ती गर्दी निस्तरणं हेच आमदाराचं काम, असं आपण ठरवून टाकलं आणि ज्या कामासाठी घटनेने त्याला निवडायला सांगितलं ते नजरेआड गेलं.

ते काम दिसतं कसं? विधानसभेच्या कामकाजाचे छापील खंड ज्याने कधी चाळले असतील त्याला तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा पाठ असेल. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग पहिला भाग: अमुक गावची नळपाणी योजना इतकी वर्षं अपूर्ण आहे, हे खरे आहे काय? दुसरा: असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले? आणि शेवटी हमखास: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? बाहेरच्या माणसाला हे रटाळ वाटतं. पण हा कागद विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या विभागाकडे जातो, तिथून अधीक्षक अभियंत्याकडे, तिथून उपविभागात, आणि शेवटी त्या योजनेची फाइल कपाटात दडपून बसलेल्या माणसाच्या टेबलावर येतो. सरकारी कचेऱ्यांत त्याला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात आणि एलएक्यू आला की संध्याकाळी सहाला घरी जाणारी कचेरी रात्री उशिरापर्यंत बसते. कारण उत्तर मंत्र्याच्या नावाने छापलं जाणार असतं आणि ते खोटं निघालं तर हक्कभंग होऊ शकतो. उत्तर पुष्कळदा ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असंच येतं. तिथेच अभ्यासू आमदाराची खरी परीक्षा असते. तो उपप्रश्न विचारतो. अंशतः खरं, म्हणजे कुठला अंश? मंत्री अडखळतो, सभागृहात आश्वासन देतो, ते आश्वासन समितीच्या यादीत जातं आणि पुढच्या वर्षी त्याचा पुन्हा हिशेब मागता येतो.

हे काम करायला सत्ता लागत नाही. उलट सत्तेत असलेल्या आमदाराला ते करणं अवघड जातं, कारण आपल्याच मंत्र्याला किती टोचायचं हा प्रश्न असतो. गणपतरावांनी आयुष्यभर केलं ते हे. ते सभागृहात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसत आणि कागद वाचून बोलायला उठत. त्यांच्याच काळात शेकापचे कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, उद्धवराव पाटील, केशवराव धोंडगे ही मंडळी सभागृह गाजवत होती. समाजवाद्यांकडून मृणाल गोरे होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. त्याआधी मृणालताईंनी त्याच विषयावर अशासकीय विधेयक मांडलं होतं. विरोधी बाकावरच्या बाईने मांडलेल्या विषयाचा सरकारला कायदा करावा लागला.

रोजगार हमीचं उदाहरण तर याहून मोठं. कल्पना वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात १९६५ साली तिचा प्रयोग झाला. पागे सत्ताधारी पक्षाचे, विधान परिषदेचे सभापती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या डाव्या पक्षांनी ती कल्पना सरकारच्या गळी उतरवली. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून त्यातून गावातल्या मजुरीचा पैसा उभा करायचा, हे या सभागृहाने मान्य केलं. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ साली देशाने तोच धडा गिरवला. पुढे १९९० पासून याच योजनेतून फळबागा लावता आल्या आणि सांगोल्याच्या खडकाळ माळावर डाळिंब उभं राहिलं. एका आमदाराच्या पाच वर्षांच्या निधीत किती गटारं बांधून होतात आणि एका कायद्याने किती चुली पेटतात, याची तुलना कुणीही करून पाहावी.

गणपतरावांचं नाव निघालं की लोक एसटीबद्दल बोलतात. आबा एसटीने मुंबईला जात, आमदारांसाठी राखीव असलेल्या त्या बाकावर खरोखर बसत, घर साधं, कपडे साधे. हे सगळं खरं आहे आणि आदर वाटावा असंच आहे. पण या कौतुकात मला एक धोका दिसतो. साधेपणाची गोष्ट सांगून आपण मोकळे होतो, जणू ते कुणी संत होते आणि संतांसारखं वागणं बाकीच्यांना जमणारच नाही. एसटीने फिरणारा पण सभागृहात तोंड न उघडणारा आमदार मला चालणार नाही. आणि मोटारीतून फिरणारा, पण विधेयकाचं कलम न् कलम वाचून उभा राहणारा आमदार मी आनंदाने निवडून देईन. गणपतरावांकडून घ्यायचा तो त्यांचा गृहपाठ, आणि सत्तेबाहेर राहूनही सत्तेला उत्तर द्यायला लावण्याची त्यांची रीत.

त्यांच्या यशामागे जातीचं गणित होतं, असंही सांगितलं जातं. ते धनगर समाजातले, तालुक्यात तो समाज मोठा. याचा फायदा झाला नसेल असं कुणी म्हणणार नाही. पण समाज १९७२ सालीही तेवढाच मोठा होता आणि १९९५ सालीही, आणि दोन्ही वेळा ते पडले. जात पहिल्या निवडणुकीला कामाला येत असेल, अकराव्या निवडणुकीला काम दाखवावं लागतं. सूतगिरणी उभी करून ती नीट चालवून दाखवावी लागते. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी ज्या काळात चालत राहिली, त्या काळात राज्यातल्या कितीतरी गिरण्यांची नुसती कुंपणं उरली.

एका बाबतीत मात्र माझी त्यांच्याविषयी आणि त्यांच्या पक्षाविषयी तक्रार आहे. अठ्ठ्याऐंशीच्या वयात निवडणूक लढवावी लागणं हा पराक्रम नाही, ते पक्षाचं अपयश आहे. २०१९ साली ते थांबले तेव्हा उमेदवारी त्यांच्या नातवाला मिळाली आणि तो साडेसातशेच्या वर, थोडक्या मतांनी पडला. २०२४ साली दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, निवडून आले. आज विधानसभेत शेकापचे ते एकमेव आमदार आहेत. ते चांगलं काम करतील, करोत. पण कार्यकर्त्यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या, घराणेशाहीला नावं ठेवत वाढलेल्या पक्षाला सत्तर वर्षांत त्या तालुक्यात घराबाहेरचा एकही वारसदार तयार करता आला नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. अभ्यास मंडळं बंद पडली, शिबिरं बंद पडली, शिकवणारी माणसं गेली. आमदार घडवणारी यंत्रणा मोडली की मागे फक्त आडनाव उरतं.

आणि तो पाच वर्षांचा मधला काळ. २०१९ साली सांगोल्याने शहाजीबापूंना निवडलं आणि २०२२ साली ते शिवसेनेच्या बंडखोर आमदारांबरोबर गुवाहाटीला गेले. त्यांच्या फोनवरच्या बोलण्यामुळे सांगोल्याचं नाव देशभर झालं, त्याची गाणी झाली. मला त्या बोलण्याची टर उडवायची नाही, माणदेशी बोली गोडच आहे. पण ज्या तालुक्याचा आमदार पंचेचाळीस वर्षं सत्तेबाहेर राहून मान राखून होता, त्याच तालुक्याला सत्ताबदलाच्या हॉटेलातून ओळखलं जावं, याचा त्रास झाला. पुढच्याच निवडणुकीत मतदारांनी त्यांना घरी बसवलं. त्यामागे अनेक कारणं असतील. ‘विकासासाठी गेलो’ हे सांगून भागत नाही, एवढं तरी त्यातून दिसलं.

मग आमदार सत्तेकडे का धावतात? निव्वळ लोभ म्हणून सोडून देता येणार नाही. व्यवस्थाच तशी रचली आहे. आमदार निधी आता वर्षाला पाच कोटी आहे आणि तो सगळ्यांना सारखा मिळतो, पण तो एकूण पैशाचा लहानसा भाग. खरा पैसा पुरवणी मागण्यांत आणि ‘पंचवीस-पंधरा’त असतो. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावकामांचं हे लेखाशीर्ष गावोगावच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. तो कुणाला किती द्यायचा हे मंत्र्याच्या मर्जीवर. सरकार बदललं की आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती, हा प्रकार २०१९ नंतरही झाला आणि २०२२ नंतरही. अर्धी खोदलेली गटारं पाहत गावकरी बसतात आणि ‘बघा, आमदार सत्तेत नसला की असं होतं’ हा धडा पक्का होतो.

यावर उपाय अशक्य नाही. सिंचनाच्या अनुशेषाचं मोजमाप महाराष्ट्राने १९८३ साली दांडेकर समिती नेमून केलं आणि पुढे राज्यपालांच्या निर्देशांनी निधीवाटपाला सूत्र आलं. त्या सूत्रातही पश्चिम महाराष्ट्रातले दुष्काळी तालुके बागायती शेजाऱ्यांच्या सरासरीत बुडाले. सांगोल्याची तक्रार तीच होती. तरीही मर्जीऐवजी सूत्राने पैसा वाटता येतो, एवढं सिद्ध झालं. पाऊस, लोकसंख्या, रस्त्यांची आणि पाण्याची स्थिती पाहून तालुकावार वाटा ठरवा, तो जाहीर करा, आमदार कोणत्या बाकावर आहे हे त्यात येऊच देऊ नका. ज्या दिवशी हे होईल, त्या दिवशी ‘विकासासाठी’ पक्ष सोडणाऱ्याला दुसरं कारण शोधावं लागेल.

पक्षांतरबंदी कायद्याने तर उलटच केलं. १९८५ साली दहावं परिशिष्ट आलं ते आयाराम-गयाराम थांबवण्यासाठी. आज त्यानुसार एखाद्या विधेयकावर आमदाराने पक्षादेश मोडून सद्सद्विवेकाने मत दिलं तर त्याची आमदारकी जाऊ शकते. दोन-तृतीयांश जणांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तर वाचते. एकट्याचा विचार गुन्हा आणि घाऊक उडी माफ. अविश्वास ठरावासारख्या सरकारच्या अस्तित्वाशी संबंधित मतदानापुरतीच ही बंदी ठेवा, असं दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच सुचवलं होतं. ती शिफारस धूळ खात आहे. आपलं मत आपल्याला देता येत नसेल तर आमदाराने विधेयक वाचावं तरी कशासाठी?

आणि वाचायला वेळ तरी कुठे असतो? २०२३ साली देशातल्या विधानसभा सरासरी तेवीस दिवस बसल्या आणि मंजूर झालेल्या विधेयकांपैकी ४४ टक्के विधेयकं मांडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संमत झाली. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने २००२ साली मोठ्या विधानसभांसाठी किमान नव्वद दिवसांची शिफारस केली होती. नव्वद सोडा, साठ दिवस सभागृह भरलं तरी विरोधी आमदाराच्या हातात पुन्हा हत्यार येईल. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला की सुटका कुणाची होते? जो मंत्री उत्तर द्यायला तयारी करून आला नव्हता, त्याची. विरोधकांनी हे स्वतःशीही बोलायला हवं. वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून फलक दाखवल्याने टीव्हीवर दिसता येतं, पण छापून आलेला उपप्रश्न वीस वर्षांनीही पुरावा म्हणून उभा राहतो.

सगळ्यात तातडीची गोष्ट विरोधी पक्षनेत्याची. २०२४ च्या निकालानंतर विरोधातल्या कुठल्याही एका पक्षाला २८८ च्या दहा टक्के जागा मिळाल्या नाहीत आणि त्या कारणाने अधिवेशनामागून अधिवेशनं विधानसभेतलं ते पद रिकामं राहिलं. १९६२ साली धुळप विरोधी पक्षनेते झाले तेव्हा शेकापचे आमदार होते पंधरा, सभागृह २६४ चं. १९७२ साली दि. बा. पाटील झाले तेव्हा पक्षाच्या जागा होत्या सात. काँग्रेसकडे तेव्हा अफाट बहुमत होतं आणि हे पद नाकारणं तिला सहज शक्य होतं. तरी तिने ते दिलं. विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाबाबतचा राज्याचा १९७८ चा कायदाही विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेल्या नेत्याबद्दल बोलतो, दहा टक्क्यांची अट घालत नाही. ते पद भरायला नवा कायदा लागत नाही, विधानसभा अध्यक्षांची एक सही लागते. ती मागण्याचं काम केवळ विरोधी आमदारांचं नाही. ज्यांनी सत्ताधाऱ्यांना मत दिलं, त्यांच्याही गावातली नळपाणी योजना कुठे तरी अर्धवट पडलेली आहे आणि तिच्याबद्दल मंत्र्याला उभं करून विचारणारं कुणीतरी त्यांनाही हवं आहे.